किल्ल्यांच्या जुडग्यावर चालणारे गाव

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत इटलीतील ‘एक युरोत घर’ या योजनांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. ओस पडलेल्या डोंगरी खेड्यांतील घरे परदेशी खरेदीदारांनी घेऊन कशी उभी केली, याचे वर्णन करून लेखकाने शेवटी असे सुचवले आहे की कोकणातील कुलूपबंद घरांसाठीही शासनाने अशीच एखादी योजना आणावी. सूचनेमागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु गेल्या नोव्हेंबरात, मुलीकडे तुरीनला मुक्कामी असताना, अशाच एका पुन्हा उभारलेल्या गावात चार दिवस राहण्याचा योग मला आला, आणि तेथे जे पाहिले ते लेखातील चित्राशी पूर्णपणे जुळत नाही. मी बांधकाम खात्यांत पस्तीस वर्षे काढलेला माणूस आहे. त्यामुळे पत्रात दगड-चुन्याचा भाग थोडा अधिक आला आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास कृपया त्यास हात लावू नये, बाकी काहीही कापावे.

त्या गावाचे नाव कोलेत्ता. इटलीच्या वायव्येस, लिगुरिया प्रांतात, समुद्रकाठच्या आल्बेंगा या शहरापासून आत पंधराएक किलोमीटरवर पेन्नावाइरे नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात ते वसले आहे. कारभाराच्या दृष्टीने ते कास्तेलबियांको या ‘कोमूने’चा भाग आहे. कोमूनेचे भाषांतर नगरपालिका करावे की ग्रामपंचायत, हा प्रश्नच आहे, कारण मिलानसारख्या महानगरालाही हाच शब्द लागतो आणि तीनशेच्या आसपास माणसे असलेल्या कास्तेलबियांकोलाही. आपल्या हिशेबाने कोलेत्ता ही त्या पंचायतीतील एक वाडी. आल्बेंगाच्या सपाटीवर आर्टिचोक आणि जांभळ्या रंगाच्या शतावरीची शेते आहेत. तेथून रस्ता आत वळतो, खोरे अरुंद होत जाते आणि कड्यांवर दोर लावून चढणारे तरुण दिसू लागतात. मग वरच्या बाजूला, डोंगराच्याच रंगाची, एकमेकांवर रचल्यासारखी घरे दिसतात. गाडी गावाबाहेर ठेवावी लागते. आत फक्त पायवाटा आणि पायऱ्या.

सर्वांत आधी माझे लक्ष गेले ते डोंगरउतारावरच्या दगडी बांधांकडे. तेथील लोक या टप्प्यांना ‘फाशे’ म्हणतात. ऑलिव्हची झाडे त्यांवर उभी असतात आणि बांध चुना किंवा सिमेंट न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून घातलेले असतात. आमच्याकडे गडगा घालतात त्याहून ही रीत वेगळी नाही. अशा कोरड्या बांधकामाच्या कौशल्याला इटलीसह आठ युरोपीय देशांच्या नावे २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गडगा घालणाऱ्या आमच्या गड्यांना ही वार्ता कोणी सांगितली असती तर त्यांनी मजुरी वाढवून मागितली असती, आणि ते योग्यच झाले असते. कोलेत्ताच्या खालच्या अंगाचे काही बांध मात्र पोट फुगून ढासळलेले आहेत. घरांच्या दगडांमधल्या सांधी भरून झाल्या आहेत, भिंती ओळंब्यात आहेत. बांधांकडे पाहायला कोणी नाही. हा फरक मला पहिल्याच दिवशी दिसला, पण त्याचा अर्थ चौथ्या दिवशी लागला.

गाव ओस का पडले, याचे सोपे उत्तर म्हणून भूकंपाकडे बोट दाखवले जाते. २३ फेब्रुवारी १८८७ रोजी पहाटे लिगुरियाच्या किनाऱ्याला मोठा धक्का बसला आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. परंतु सॅन रेमोजवळचे बुस्साना हे गाव ज्या प्रकारे या भूकंपाने उद्ध्वस्त होऊन रिकामे झाले, तसे डोंगरांतील बहुतेक खेड्यांचे झाले नाही. ती हळूहळू झिजली. किनाऱ्याने जाणारा लोहमार्ग १८७२ मध्ये फ्रान्सच्या सीमेपर्यंत पोहोचला होता. पुढे साव्होना, जेनोवा आणि तुरीन येथील कारखान्यांनी तरुण माणसे नेली, काही कुटुंबे फ्रान्सला, काही अर्जेंटिनाला गेली. चार पट्टे ऑलिव्ह आणि चेस्टनटची झाडे यांवर भावंडांची पोटे भरेनात, हे मूळ कारण. ज्यांचे आजोबा गिरणगावात खोलीवर राहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या उजाड गावाचा पुनर्जन्म झाला तो १९९० च्या दशकात, खासगी गुंतवणुकीतून. येथे लेखकाची एक गल्लत निदर्शनास आणतो. कोलेत्तातील घरे एक युरोत विकली गेली नाहीत. गाव आधी बांधून पूर्ण केले आणि मग तयार घरे बाजारभावाने विकली. एक युरोची योजना हा स्वतंत्र प्रकार आहे. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये गाजलेल्या सिसिलीतील साम्बुका या गावी एक युरो ही केवळ लिलावाची सुरुवातीची बोली होती, शिवाय तीन वर्षांत दुरुस्ती पूर्ण करण्याची अट आणि त्यासाठी ५,००० युरोंची अनामत रक्कम होती. खर्च दुरुस्तीचा असतो. घराची किंमत नावापुरती.

कोलेत्ताचे काम जानकार्लो दे कार्लो यांच्याकडे सोपवले गेले. ते १९१९ साली जेनोवात जन्मलेले, युद्धोत्तर युरोपातील मोठ्या वास्तुविशारदांपैकी एक. अर्बिनो या शहराच्या जतनाचा त्यांनी केलेला आराखडा आजही अभ्यासला जातो. त्यांनी या गावाबद्दल मांडलेला विचार मला त्यांच्या बांधकामाइतकाच आवडला. नेहमीची इमारत पाठीचा कणा असलेल्या प्राण्यासारखी असते, म्हणजे आधी सांगाडा आणि त्याला धरून बाकीचे सारे. पण कोलेत्ता हे कवचधारी प्राण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हां कोकणवासीयांना खेकड्याचे उदाहरण फोडून सांगावे लागत नाही. तेथे खांब-तुळयांचा सांगाडा नाहीच. दगडी कमानीच्या छताची एक खोली, तिच्या डोक्यावर दुसरी, तिच्या अंगाला तिसरी, अशा कवचामागून कवचे वाढत गेली. कुटुंब वाढले की शेजारची खोली जोडून घेतली, घटले की दार चिणून टाकले. त्यामुळे दुरुस्तीतही एका घराला वरच्या घराची खोली आणि खालच्या घराचा गोठा जोडणे शक्य झाले, आणि मूळ रचनेला कोठे धक्का लागला नाही. साठेक घरे अशी तयार झाली. एका घराची छपराची गच्ची हे दुसऱ्याचे अंगण असते. ज्या घरात आम्ही उतरलो होतो, तेथे झोपण्याची खोली वाटेच्या वर, स्वयंपाकघर वाटेच्या खाली, आणि मधला जिना सरळ साध्या लोखंडाचा होता. तो जुना असल्याचे कोणतेही सोंग त्याने घेतलेले नव्हते. जुन्या कमानींना पांढरा हात दिला आहे, खिडक्या मूळच्याच लहान ठेवल्या आहेत. ‘हेरिटेज’ म्हणून आपल्याकडे जो नवा दगड जुना दिसावा म्हणून घासतात, तसला प्रकार नाही.

वाटांचे दगड पुन्हा बसवताना त्यांच्याखालून दूरसंचाराच्या तारा नेल्या गेल्या. इंटरनेट ही गोष्ट बहुतेक जगाला ऐकूनही ठाऊक नव्हती त्या काळात, घरात बसून दूरच्या शहरातले काम करणारी माणसे येथे बारा महिने राहतील, अशी त्यामागची कल्पना होती. कल्पना चुकीची नव्हती, वीस-पंचवीस वर्षे लवकर जन्मली. परंतु आज, ज्या काळात घरून काम करणे अंगवळणी पडले आहे, त्या काळातही कोलेत्तात बारमाही माणसे फारशी दिसत नाहीत. तार पोहोचली म्हणून शाळा पोहोचत नाही.

येथे दे कार्लो यांच्याबद्दल एक गोष्ट मनात आली, ती लिहितो. तेर्नी या औद्योगिक शहरात पोलाद कामगारांसाठी वसाहत आखताना, १९६९ पासून, त्यांनी कामगारांच्या कुटुंबांशी बैठका घेऊन त्यांना काय हवे ते विचारून घेतले होते. राहणाऱ्याला विचारल्याशिवाय घर आखू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. कोलेत्तात विचारायला कोणी नव्हते. राहणारे अजून यायचे होते आणि राहून गेलेले केव्हाच निघून गेले होते. इतका समंजस कारागीर आणि इतके निर्दोष काम, आणि तरी पुढे जे घडले ते का घडले, याचे निम्मे उत्तर मला यात सापडते.

पुढे घडले ते असे. घरे घेतली ती बहुतांशी उत्तरेकडच्या देशांतील लोकांनी: नॉर्वे, ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड. त्यांपैकी बरेचसे निवृत्त किंवा निवृत्तीच्या वाटेवरचे; त्यांना येथे ऊन हवे असते आणि ते ठरावीक महिनेच हवे असते. त्यात कायद्याने भर घातली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ब्रिटिश घरमालकाला रहिवासी परवान्याशिवाय दर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. अमेरिकन मालकाला तीच मर्यादा पूर्वीपासून आहे. स्वतःच्या मालकीच्या घरात पाहुण्यासारखे दिवस मोजून राहायचे, असा हा प्रकार. एका बंद दाराच्या काचेतून आत भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका दिसली. तिच्यावर पेन्सिलीने दिवस खुणावलेले होते, आणि खुणा सप्टेंबरच्या एकोणिसाव्या तारखेला थांबलेल्या होत्या.

आम्ही गेलो त्या मंगळवारी संध्याकाळी मी मुद्दाम गावभर फिरून दिवे मोजले. सहा घरांत उजेड होता, त्यांतले एक आमचे. खानावळ हंगाम संपल्याने बंद होती, तरणतलावावर आच्छादन ओढलेले होते. वास्तविक मला शांतता आवडते. परंतु ही शांतता निजलेल्या गावाची नव्हती, जत्रा उठून गेल्यानंतरच्या माळाची होती.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध नॉर्वेजियन दांपत्याने आम्हांला कॉफीला बोलावले. माणसे अतिशय सुशील. गावावर त्यांचे मनापासून प्रेम आहे आणि इटालियन भाषाही त्यांनी कष्टाने शिकून घेतली आहे. ती वसंतात दोन महिने आणि शरदात दोन महिने येतात. शेजारच्या घराचे स्विस मालक जुलै-ऑगस्टमध्ये येतात. नऊ वर्षे भिंतीला भिंत लागून असलेल्या या दोन कुटुंबांची प्रत्यक्ष भेट आजवर तीनदा झाली आहे. एरवी गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याविषयी ई-मेलवर पत्रव्यवहार चालतो. सांगताना ते गृहस्थ हसले, पण बाईंनी विषय बदलला. मला त्या क्षणी जाणवले की या गावात माणसे परदेशी आहेत किंवा ती वर्षातून काही महिनेच राहतात, ही अडचण मुख्य नव्हेच. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या तारखेला येतो, ही आहे. साठ घरांचे गाव साठ घरांनिशी एका दिवशी कधीच भरत नाही.

सर्वांना ओळखणारी एकच व्यक्ती आम्हांला भेटली. खालच्या वेरावो या वाडीत राहणारी पन्नाशीची एक बाई, तिच्याकडे पंचवीसहून अधिक घरांच्या किल्ल्या असतात. जुडगा जड; प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळलेली. आठवड्यातून एकदा ती प्रत्येक घर उघडते, खिडक्यांच्या झडपा लोटून वारा खेळू देते, नळ थोडा वेळ सोडते, ओल शोषणाऱ्या यंत्राचे भांडे रिकामे करते, उंबऱ्याआतली टपालाची पाकिटे उचलून ओट्यावर ठेवते. मालक येणार असला की दोन दिवस आधी घर तापवायला लावते. मुलीने दुभाष्याचे काम केले, म्हणून आमचे बोलणे होऊ शकले. तिच्या आजीचे माहेर याच गावातले. ज्या खोलीत जाळीच्या फळ्यांवर चेस्टनट पसरून खाली धूर करून ते वाळवीत, ती खोली तिने आम्हांला दाखवली. तेथे आता सुरेख न्हाणीघर आहे, आणि कमानीच्या कोपऱ्यात काजळीचा एक हातभर पट्टा वास्तुविशारदाने मुद्दाम तसाच ठेवलेला आहे. त्या घराची हिरव्या पट्टीची किल्ली तिच्याच जुडग्यात असते. याचे तिला वाईट वाटते का, असे मुलीने विचारले, तर ती म्हणाली, वाईट कसले, आजी असताना छप्पर गळत होते.

तिचे उत्तर मी हलके मानत नाही. परदेशी पैसा आला नसता तर आज तेथे निवडुंग आणि दगडांचा ढीग उरला असता, हे मान्यच करावे लागते. पंचायतीलाही या घरांपासून उत्पन्न आहे: इटलीत स्वतःच्या राहत्या साध्या घराला मालमत्ता कर माफ असतो, पण दुसऱ्या घराला तो भरावा लागतो, त्यामुळे हंगामी मालक तिजोरीत भर घालतात आणि सेवांवर भार मात्र टाकत नाहीत. हिशेबाच्या वहीत हे उत्तम दिसते. परंतु डॉक्टर, शाळा, बसच्या फेऱ्या या गोष्टी नोंदणीकृत रहिवाशांच्या संख्येवर टिकतात, कर भरणाऱ्यांच्या नव्हे. इटलीतील सुमारे ७,९०० पंचायतींपैकी साडेपाच हजारांच्या आसपास पंचायतींची लोकसंख्या ५,००० च्या आत आहे, आणि अशा लहान गावांसाठी २०१७ मध्ये त्या देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून प्रश्नाचा आवाका कळेल. ढासळलेले बांधही यातच आले. घर मालकाचे असते, म्हणून ते दुरुस्त होते. बांध उतारावरच्या सगळ्यांचा असतो, आणि सगळे एका वेळी जागेवर कधीच नसतात.

आता लेखकाच्या सूचनेकडे वळतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. बंद घरे आमच्याकडेही आहेत, हे नाकारता येत नाही. माझे स्वतःचे घर, चिऱ्याच्या भिंती, मंगळोरी कौले, पुढे पडवी, वर्षातले नऊ महिने बंद असते. परंतु विक्रीची योजना आणण्यापूर्वी घर कोणाचे हेच आधी ठरवावे लागेल. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली काही मयत, काहींचा पत्ता नाही, ही स्थिती इटलीतल्या वारसांच्या गुंत्यापेक्षा कमी बिकट नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात सहजासहजी घेता येत नाही, आणि परदेशी नागरिकाला तर स्थावर मालमत्तेबाबत आणखी बंधने आहेत. या अडचणी कायद्याच्या आहेत, मनावर घेतल्यास सुटतील.

माझा मुद्दा त्याहून निराळा आहे. आमचे चाकरमानी हंगामीच असतात, परंतु ते एका तिथीला येतात. गणपतीला आणि शिमग्याला वाडीतली जवळजवळ सगळी दारे एकाच आठवड्यात उघडतात. पालखी घरोघरी फिरते, गाऱ्हाणे घातले जाते, आणि त्याच चार दिवसांत गावकीची बैठक होऊन विहिरीचा गाळ कोणी काढायचा, पाणंदीची वाट कोणी अडवली, देवळाच्या छपराची वर्गणी कोणाची थकली, यावर कडाक्याची भांडणे होतात. ही भांडणे कोलेत्ताला मिळालेली नाहीत. तेथे ई-मेल आहे. उद्या आमची घरे मुंबई-पुण्याच्या किंवा सातासमुद्रापारच्या सुट्टीबहाद्दरांना विकली गेली, तर कौले चांगली राहतील, कदाचित माझ्या घरापेक्षाही चांगली. पण त्या खरेदीदाराने शिमग्याला यावे अशी अट कोणत्या करारात घालणार? विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावे, आणि पहिली पसंती त्याच तालुक्यात नोकरी करणाऱ्या शिक्षक, परिचारिका, तलाठी यांना द्यावी, म्हणजे पावसाळ्यातही दिवा लागेल, असे मला सुचते. याला परदेशी पैसा लागणार नाही. भावकीच्या सह्या लागतील, आणि त्या मिळवणे अधिक अवघड, हे मी अनुभवाने सांगतो.

निघण्याच्या दिवशी किल्ली परत करताना त्या बाईने मला विचारले की, तुमच्या गावातल्या बंद घरांच्या किल्ल्या कोणाकडे असतात. मी सांगितले की शेजारचे एक गृहस्थ आहेत, ते रोज संध्याकाळी आमच्या देवघरात दिवा लावतात, पावसाच्या आधी कौले चाळून घेतात आणि पडवीतली वाळवी झाडतात. वाडीतल्या सात घरांचे हे काम ते करतात. तिला दिव्याचा भाग विशेष आवडला. त्या गृहस्थांचे वय किती, असे तिने पुढे विचारले. ते बहात्तर वर्षांचे आहेत, आणि त्यांचे दोन्ही मुलगे विरारला असतात.

आपला नम्र,
एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी